कोरड्या घळीतील सामूहिक मोहीम

हैदराबादहून गटाने जाण्याजोगी घळ म्हणजे रायलसीमेच्या कोरड्या पट्ट्यातील गंडिकोटा, जिथे पेन्ना नदीने एर्रमला डोंगर चिरून उभे तांबूस कडे घडवले आहेत. महाराष्ट्रात साम्रदच्या सांदण दरीत घळ-अवरोहण, म्हणजे दोरावरून टप्प्याटप्प्याने अरुंद घळ उतरणे, करता येते. एकदा दोर खाली ओढून घेतला की परतीची वाट बंद होते, म्हणून मार्ग गटातील सर्वांत नवख्या सदस्याच्या कुवतीवरच ठरवावा. त्याहून मोठा धोका पाण्याचा: ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अँटेलोप घळीत, दूरवर पडलेल्या पावसाच्या लोंढ्याने ११ जणांचा बळी घेतला. यास्तव संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा, म्हणजे जिथले पाणी घळीत उतरते त्या प्रदेशाचा, हवामान अंदाज पाहावा आणि परतण्याची वेळ गावात सांगूनच निघावे.