दाभोळचा लवाद आणि आपण

परदेशी गुंतवणुकीच्या लवादाशी बुलडाणा जिल्ह्याचे काय देणेघेणे, असा प्रश्न कोणालाही पडेल. मोताळ्याचा कृषिपंप, खामगावची जिनिंग, मलकापुरातली पिठाची गिरणी ही सारी 2005 पर्यंत महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची ग्राहक होती. मंडळाने गुहागर तालुक्यात एक महागडा करार केला, तर त्याचा बोजा त्यातले अक्षरही न वाचलेल्या या लोकांवर पडणार होता, कधी बिलातून, कधी सरकारी तिजोरीतून. अमेरिकेच्या एन्रॉनने उभ्या केलेल्या दाभोळ वीज कंपनीशी तो करार डिसेंबर 1993 मध्ये झाला. हा प्रकल्प परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगून कर्ज नाकारले होते. तरीही मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरलेला आकार भरायचा, असे बंधन स्वीकारले गेले. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. ऑगस्ट 1995 मध्ये युती सरकारने करार रद्द केला, एन्रॉनच्या कंपनीने लंडनमध्ये लवाद मांडला, आणि काही महिन्यांतच त्याच सरकारने नव्याने वाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा स्वीकारला. 1999 मध्ये वीज सुरू झाली. 2000 साली काही महिन्यांत तिचा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 मध्ये हा भार मंडळाला पेलणारा नाही असे स्पष्ट सांगितले. मे महिन्यात मंडळाने करार संपवला, आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

खरी गुंतागुंत त्यानंतर सुरू झाली. एन्रॉनच्या भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या दोन्ही अमेरिकी कंपन्या. परंतु त्यांचा पैसा मॉरिशसमधल्या कंपन्यांतून आला होता, आणि भारताने मॉरिशसशी 1998 मध्ये गुंतवणूक संरक्षणाचा करार केलेला होता. त्या कराराच्या आधारे 2003 मध्ये भारत सरकारविरुद्ध दावा उभा राहिला. याच प्रकल्पावरून एक वेगळा लवादही चालू होता, आणि त्यात एप्रिल 2005 मध्ये निकाल महाराष्ट्राच्या विरोधात गेला. शेवटी त्याच वर्षी तडजोड झाली आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या सरकारी कंपनीकडे आला. या सगळ्या प्रवासात मला एकच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. पैसा जनतेचा, वाद जनतेच्या विजेचा, पण सुनावणी बंद दाराआड. ज्यांनी हा भार सोसायचा त्यांना तिथे बोलता येत नव्हते, आणि ऐकताही येत नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या वादाची किंमत लोक मोजतात, तो वाद लोकांसमोर चालला पाहिजे, आणि ज्या करारातून असे वाद निघतात तो सहीआधी लोकांना वाचता आला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की शब्द सरकारनेच मोडला. तो आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आधी सही, मग रद्द, मग पुन्हा सही, मग पुन्हा रद्द, असे वागणाऱ्या सरकारवर कोणताही गुंतवणूकदार विश्वास ठेवणार नाही. पण 1993 चा करार स्पर्धात्मक निविदा न काढता आणि बराच काळ गुप्त ठेवून केला गेला होता. तो त्याच वेळी विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत उघडपणे तपासला गेला असता, तर मोडण्याची वेळच कदाचित आली नसती. गुप्ततेने गुंतवणूकदाराचेही संरक्षण झाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपली न्यायालये इतकी संथ आहेत, की परदेशी माणसाने लवादाकडे जाऊ नये तर कुठे जावे? ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीज कंपनीला कोल इंडियाविरुद्धचा निकाल भारतात अमलात आणता येईना. वर्षामागून वर्षे गेली, आणि 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्या दिरंगाईसाठी भारताला जबाबदार धरले. निकाल मला अन्यायाचा वाटत नाही. पण पूर्णाकाठी जिगाव प्रकल्पात जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा विचार करा. मोबदला कमी वाटला तर त्याने भूसंपादन कायद्याखाली दाद मागायची, मग नागपूर खंडपीठाकडे जायचे, आणि तोवर वाट पाहायची. त्या दिरंगाईबद्दल सरकारला जाब विचारणारा लवाद त्याच्यासाठी कोणत्याही देशात बसत नाही. न्यायालये संथ आहेत, तर ती सर्वांसाठी वेगवान करावी लागतील. एका गटापुरता निराळा दरवाजा उघडला, की उरलेल्यांच्या दारातली रांग कमी करण्याची निकडच संपते.

तिसरे म्हणणे असे, की लवादही लोकहित ओळखतो. उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटांवर कडक इशारे छापायला लावले, फिलिप मॉरिसने 2010 मध्ये दावा केला, आणि 2016 मध्ये लवादाने उरुग्वेच्या बाजूने निकाल दिला. मात्र त्यासाठी एका छोट्या देशाला सहा वर्षे लढावे लागले. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. 2016 च्या मार्चमध्ये केंद्राने बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल भाव 800 रुपये ठरवला आणि त्यातली तंत्रज्ञानाची रॉयल्टी 163 रुपयांवरून 49 रुपयांवर आणली. नांदुरा, संग्रामपूरच्या काळ्या मातीत पेरणीच्या तोंडावर पाकीट घेणाऱ्याला हा निर्णय लगेच समजला. दरनियंत्रणाच्या आदेशाला हे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते कंपनीचे रास्त पाऊल होते, कारण तिथे खटला उघडपणे चालतो. हाच वाद बंद लवादात गेला असता, तर पुढे रॉयल्टी आणखी कमी करताना अधिकाऱ्याचा हात थबकला असता. अशा दाव्यांचा मोठा परिणाम निकालापूर्वीच होतो, आणि तो कुठल्याही कागदावर नोंदला जात नाही.

भारताने 2015 च्या अखेरीस गुंतवणूक करारांचा नवा नमुना आणला. त्यात परदेशी कंपनीने आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागावी, अशी अट घातली, आणि पुढे अनेक देशांशी असलेले जुने करार संपवले. तेव्हा गुंतवणूक आटेल अशी भीती घातली गेली. पण 2016-17 मध्ये सुमारे 60 अब्ज डॉलर असलेली थेट परकी गुंतवणूक 2020-21 मध्ये सुमारे 82 अब्जांवर गेली. गुंतवणूक बाजारपेठ, रस्ते, वीज, माणसे पाहून येते, केवळ लवादाच्या कलमासाठी नाही. तरीही 2024 मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात पाच वर्षांची ती अट तीन वर्षांवर आली. हा बदल योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. पण असा करार करायला सरकारला संसदेची मंजुरी लागत नाही. गुंतवणूक लवादांच्या सुनावण्या आणि कागदपत्रे खुली करणारा एक आंतरराष्ट्रीय करार 2014 मध्ये झाला. त्याला नाव मॉरिशसचेच आहे. त्यात भारताने सामील व्हावे, आणि पुढच्या प्रत्येक गुंतवणूक कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेसमोर आणि मराठीसह सर्व भाषांत लोकांसमोर ठेवावा, ही मागणी आपल्या खासदारांकडे संसदेच्या येत्या अधिवेशनात करता येईल.