किरकिरणारा पट्टा

वेरूळच्या नाक्यावर सकाळी जुना ट्रक सुरू करताच किरकिरतो? पट्ट्याला साबण चोळू नका. आवाज दबतो, दोष तसाच राहतो. बॉनेट उघडा. पट्ट्याची एकच कड झिजलेली आणि पुलीभोवती काळी भुकटी दिसली, तर अल्टरनेटर बहुधा ओळीबाहेर गेलाय. ब्रॅकेटचा बुश झिजलेला असतो, नाहीतर मागच्या दुरुस्तीत एखादा वॉशर बाहेरच राहिलेला.

इंजिन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. सरळ लोखंडी पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. पुल्यांची जाडी वेगळी असेल, तर खाचेच्या मध्यापासून मोजा. फट असेल तेवढ्या जाडीचा वॉशर घाला. नुसता पट्टा बदललात, तर नवाही तसाच कापला जाईल.

आता ताण. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. फार आवळलात तर बेअरिंग जातं. ढिला राहिला तर चार्जिंग नाही, आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल, तर खुलताबादच्या चढावर इंजिन तापतं. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो. संध्याकाळी इंजिन गार झालं, की पुन्हा अंगठा लावून बघा.