पट १९, शिक्षक शून्य

स्वारगेटवरून एसटीत बसला असाल, नाहीतर कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढत असाल, तर दहा-पंधरा मिनिटं मला द्या. आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल: शासन निर्णय, म्हणजे जीआर. त्यातही शाळांचे जीआर. पण तुमच्या गावच्या झेडपीच्या शाळेत पुढच्या वर्षी शिकवायला कोण असणार, किंवा कुणी असणार की नाही, हे या कागदांवर ठरतं. म्हणून ऐका.

सुरुवात घरापासून करतो. माझं गाव पाटण तालुक्यात. गाव कसलं, वाडीच. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेल्या सप्टेंबरात दादाचा फोन आला. "अरं, तुझी वहिनी शाळेच्या कमिटीत हाय न्हवं. काल गुरुजी म्हणालं, वर्गात पोरं तेवीस हायत, पण ऑनलाइनला एकोणीसच दिसत्यात. शिक्षक जाणार म्हणं. तू त्या कॉम्प्युटरमधला हायस, बघ की काय ते."

ही तेवीस पोरं म्हणजे सहावी ते आठवीची, आजूबाजूच्या तीन वाड्यांची मिळून. मी म्हटलं, डोळ्यांना तेवीस दिसतात तर एकोणीस कशी होतील? पण दादा बरोबर होता. हे कसं होतं, ते आज सोप्या भाषेत सांगतो.

शाळेला किती शिक्षक मिळणार याच्या मंजुरीला 'संचमान्यता' म्हणतात. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरतात, म्हणजे त्या दिवशी शाळेत किती विद्यार्थी आहेत तो आकडा. शाळा माहिती पोर्टलवर भरते आणि पोर्टल नियमाप्रमाणे पदं काढतं. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख यांच्या हातात तयार तक्ता येतो. तक्त्यात पद नसेल तर तिथले सर किंवा मॅडम 'अतिरिक्त' ठरतात आणि त्यांचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक इफ-एल्सचा कोड आहे. पट अमुक असेल तर शिक्षक तमुक. आणि कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, घोळ नेहमी सीमेवरच्या आकड्यावर होतो.

मग तो नियम काय आहे? आधी कायदा बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा या तीन गटांना निदान एकेक. आता राज्याचा १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर. त्यातल्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत असेल, तर तिथं शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. म्हणजे शून्य. शिक्षक संघटनांनी यावर आंदोलनं केली ती याच शून्यासाठी. एकोणीस पोरं शिल्लक राहतात, शाळेची पाटीही राहते, आणि गणित शिकवायला पाचवीपर्यंतचे गुरुजी आपले वर्ग सांभाळून धावपळ करतात.

आता तेवीसचे एकोणीस कसे झाले? संचमान्यतेला विद्यार्थी नुसता वर्गात बसून चालत नाही, त्याचं आधार पोर्टलवर वैध ठरावं लागतं. नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं, जन्मतारीख जुळली नाही, की समोर 'मिसमॅच'. आमच्या चार पोरांचं तेच झालं होतं. एकीच्या आधारवर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगनं, एकाची जन्मतारीख एक जानेवारी, आणि दोघांचं पाच वर्षांचं झाल्यावर करायचं बायोमेट्रिक अपडेट राहिलेलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, चीडच येते. सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलंय की शाळेत प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. म्हणजे पोरगं शाळेत बसू शकतं, पण शिक्षक मोजताना ते मोजलं जाईलच असं नाही.

दादा, वहिनी आणि मी, आम्ही दोन दिवस त्या चार घरांत फिरलो. एका आजीनं विचारलं, "पोरगी रोज साळंत जातीया, मग ती हाय हे सरकारला कोण सांगनार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तालुक्याच्या आधार केंद्रावर रांग लावली, एका पोराच्या जन्मदाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो. तीस तारखेच्या आत तिघांचं काम झालं. पट बावीस. चौथ्याचे आईवडील मुंबईला, कागद तिकडं, ते राहिलं. यंदाचं वर्ष निभावलं. पण आठवीची पोरं बाहेर पडली की पुन्हा तोच आकडा समोर उभा.

कुणी म्हणेल, इतक्या लहान शाळा हव्यात कशाला? मोठ्या शाळेत घाला की. हा प्रश्न फालतू नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयानं जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत. तेव्हा राज्यात अशा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांवर होत्या. एकत्र केलं तर विषयाला शिक्षक, खेळाला मैदान, प्रयोगशाळा मिळते, हे मान्य.

पण आमच्या भागात अंतर नकाशावर मोजून चालत नाही. राज्याचा नियम सांगतो, प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि उच्च प्राथमिक तीनच्या आत. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तीन किलोमीटर म्हणजे काय? जावळी तालुक्यातलं खिरखंडी आठवतंय? तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत धरणाचं पाणी ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून चालत शाळा गाठायच्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बातमी वाचून स्वतःहून याची दखल घेतली. गुगल मॅपवर ती सरळ रेष असेल, पोरींच्या हातात वल्हं होतं.

आणि एकत्र शिकवायचंच असेल, तर कसं शिकवायचं हे आपल्याच जिल्ह्यानं शंभर वर्षांपूर्वी दाखवलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला संस्था साताऱ्यात आली. त्यांनी आधी काय बघितलं? लांबच्या खेड्यातलं गरिबाचं पोरगं राहणार कुठं आणि जेवणार काय. म्हणून वसतिगृह. आणि जिथं शाळाच नव्हती त्या खेड्यांत पुढं त्यांनी व्हॉलंटरी शाळा काढल्या. म्हणजे दोन्ही केलं. पोरगं येऊ शकत असेल तर त्याची राहायची सोय, येऊ शकत नसेल तर शाळाच त्याच्याकडं. समूह शाळा करायची असेल तर एसटी आणि वसतिगृह आधी, विलीनीकरणाचा आदेश नंतर. हा क्रम उलटा झाला की सगळ्यात आधी मुलींची शाळा सुटते.

आता कृष्णा ओलांडून सांगलीकडं येऊ. माझं आजोळ खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडं. तिथं पट कमी होण्याचं कारण डोंगर नाही. गलाई व्यवसायातली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम करणारी कुटुंबं देशभर पांगलीत. पोरं तामिळनाडूत, बंगालमध्ये, जिथं दुकान तिथं शिकतात. आमच्या पाटण-जावळीची माणसं तशीच माथाडी म्हणून मुंबईला गेली. उलट वाळवा-कराडकडं उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबं पोरांसह येतात, पण ३० सप्टेंबर तेव्हा उलटून गेलेला असतो. पोरं आहेत, फक्त त्या एका दिवशी त्या जागेवर नाहीत. आणि जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या झेडपी शाळा आहेत. तिथं नुसता शिक्षक मिळून भागत नाही, कन्नड येणारा लागतो. राज्यभर एकच सूत्र लावलं की असे जिल्हे त्यात बसत नाहीत. म्हणून जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी तक्ता खाली पाठवताना आपल्या जिल्ह्याची हकीकत वर पाठवायला हवी. आणि ती त्यांना आपणच पुरवायला हवी.

"पण सरकारी कागद कुठं बदलतो?" असं वाटत असेल तर अलीकडची उदाहरणं बघा. पहिलीपासून हिंदीचा जीआर १६ एप्रिल २०२५ ला आला, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली, आणि २९ जूनला दोन्ही रद्द करायचं सरकारनं जाहीर केलं. सगळा प्रवास अडीच महिन्यांचा. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट, हा फेब्रुवारी २०२४ चा नियम. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. एक राज्य एक गणवेशही आला आणि कपडे घेण्याचा अधिकार परत शाळा समितीकडं गेला. लोक बोलले, कोर्टात गेले, म्हणून बदललं. मात्र वाडीतल्या शिक्षकाचं पद गेलं तर टीव्हीवर चर्चा होत नाही. त्यासाठी वाडीतल्यांनीच बोलावं लागतं.

मग आपण काय करायचं? चारच गोष्टी.

एक, जीआर स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो नको. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' विभागात शालेय शिक्षण विभाग निवडा. प्रत्येक जीआरला लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख. फोटोतली तारीख आणि हे अंक जुळत नसतील तर सावध व्हा.

दोन, वाचताना आधी वरची संदर्भांची यादी बघा. कोणता जुना निर्णय बदललाय ते तिथं कळतं. 'अधिक्रमित' हा शब्द दिसला की समजायचं, जुना कागद संपला. आणि आपल्या हातातला कागदही पुढं कुणी अधिक्रमित केला नाही ना, ते तपासायचं.

तीन, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वहिनी तिच्यात होती म्हणून आम्हाला वेळेत कळलं. तुमच्या घरातलं कोण आहे, आज रात्री फोन करून विचारा. बैठकीत एकच प्रश्न लावून धरा: वर्गात किती पोरं आणि पोर्टलवर किती? दोन आकडे जुळले नाहीत तर ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

चार, हे काम जून-जुलैमध्ये करा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर उभं राहून मी शिकलोय. गुरुजींना दिवसाला चार माहित्या ऑनलाइन भरायच्या असतात. तुम्ही सुट्टीला गावी गेलात तर लॅपटॉप उघडून दोन तास त्यांच्या शेजारी बसा. उपकार म्हणून नाही. आपण त्याच शाळेत पाढे शिकलो म्हणून.

मी रोज ऑफिसात डेटा तपासतो. एखादी ओळ गळाली तर टेस्टिंगवाले माझा जीव खातात, रात्री अकराला फोन करतात. आमच्या शाळेत चार पोरं गळाली होती, आणि कुणालाही रात्री अकराला फोन आला नाही. दादाला आला असता तर त्यानं उचलला असता, एवढं मला माहीत आहे. यंदा तो फोन आपण लावायचा.

तुमच्या वाडीत काय परिस्थिती आहे ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पोरांची नावं मात्र सांगू नका. आणि हा भाग गावच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम!