चाळिशीनंतरचे पोहणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा सराव नाही. पण पोहण्याविषयी चार शब्द बोला असा आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

आपला मोरगावचा भाग जिरायती. कऱ्हेला पाणी ते किती दिवस! त्यामुळे पोहणे ही मुलग्यांची विहिरीतली मौज, असेच आपण धरून चाललो. पण आता शिवारात शेततळी झाली आहेत. विहिरीला निदान पायरी असते, कपार असते. शेततळ्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद. तो ओला झाला की त्यावर हात ठरत नाही की पाय. पोरे तिकडे जातात, आणि त्या वेळी जवळ असतो कोण? आपणच. तेव्हा पाण्याची भीती आपण मोडलीच पाहिजे.

मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले. वन्सं माहेरपणाला आल्या होत्या. त्या लहानपणापासून पोहणाऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "आता मेलं हे काय पोहायचं वय?" वन्संनी ऐकून घेतले आणि माझ्या कमरेला दोर, पाठीला डबा बांधला. पहिले दोन दिवस पोहणे नाहीच. पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तोंड बुडवायचे आणि बुडबुडे सोडायचे. "वहिनी, श्वास कोंडू नका, सोडा," हाच त्यांचा धोशा. खरी मेख इथेच आहे. मोठे माणूस भीतीने श्वास धरून ठेवते, मग वर आल्यावर नवा घ्यायला छातीत जागाच नसते. डोके उंच धरले की पाय बुडतात. नजर तळाकडे ठेवली की पाय वर येतात. श्वास घ्यायचा तो मान कुशीला वळवून. (आणि बायकांच्या अंगावरचा मेद तरंगायला मदतच करतो, बरं का!) साडी मात्र नको, पायांत गुंडाळते. सलवार-कुर्ता बरा.

आमची विहीर आडवी तीस फूट. डबा सोडला त्या दिवशी एका फेरीत धाप लागली. आता सावकाश दहा होतात. शर्यतीच्या मोठ्या तलावाची लांबी ५० मीटर, म्हणजे आमच्या साडेपाच फेऱ्या.

सांगलीकडच्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, उपचार म्हणून पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये याच ५० मीटरला त्यांनी सुवर्णपदक मिळवले. आपले तर हातपाय धड आहेत.

दोन गोष्टी बजावते. एकटीने उतरू नये. छातीचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि कोणी बुडताना दिसले तर पोहता येत असले तरी एकदम उडी घेऊ नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघे जातात. आधी हाका मारून माणसे जमवावी. दोर, साडी, झाकणाचा रिकामा डबा, हाताला येईल ते फेकावे. आमच्या तळ्यावर चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवले आहेत. ज्यांची तळी आहेत त्यांनी घरी गेल्यावर मालकांकडे हा विषय काढावा.

आमची विहीर दिवाळीपर्यंत भरलेली असते. दुपारी तीनला पुरुषमंडळी तिकडे फिरकत नाहीत. डबे माझ्याकडे दोन आहेत. दोर ज्याचा त्याने आणावा.