संगणक आणि सहकार्य : कार्यशाळेच्या प्रस्तावाचा विचार

(शिक्षक व कर्मचारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



एकाच कामावर अनेकांचे हात लागावेत आणि संगणकाने त्यांच्यामधील दुवा व्हावे, ही कल्पना आजची नव्हे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी, सुमारे तीस मैलांवर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखविले. मात्र या विषयाला नाव मिळाले ते १९८४ साली, आणि तेही एका लहानशा कार्यशाळेत. आयरीन ग्रीफ व पॉल कॅशमन यांनी निरनिराळ्या क्षेत्रांतील सुमारे वीस जणांना एकत्र बोलाविले होते. यंत्र कसे चालते यापेक्षा माणसे मिळून काम कशी करतात, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. पुढे डिसेंबर १९८६ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे या विषयाची पहिली परिषद भरली. कार्यशाळेतून जन्मलेल्या या अभ्यासशाखेच्या परिषदांत कार्यशाळांना आजही मानाचे स्थान आहे.

अशी कार्यशाळा सामान्यतः मुख्य परिषदेच्या आरंभी, अर्धा किंवा एक दिवस चालते. प्रस्तावात विषय, संयोजक, निमंत्रितांची निवड व दिवसाचा कार्यक्रम द्यावयाचा असतो. इच्छुकांकडून आधी छोटी टिपणे मागविली जातात. हा झाला रीतीचा भाग. तो कोणासही साधतो.

कठीण असते ते प्रश्न नेमका मांडणे. 'संगणक आणि ग्रामविकास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ साली एक साधे उदाहरण घेतले होते. सभेची वेळ संगणकाने ठरवावी, अशी योजना. त्यासाठी प्रत्येकाने आपली दैनंदिनी संगणकात भरली पाहिजे. सभा बोलाविणाऱ्या वरिष्ठाची सोय होते. भरण्याचे कष्ट मात्र कनिष्ठांच्या वाट्याला येतात, आणि त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. मग दैनंदिन्या रिकाम्या राहतात व योजना बारगळते. मूळ कामाव्यतिरिक्त तक्ते भरणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगावयास नको! "नोंद कोण करतो आणि लाभ कोणाला होतो?" हा प्रश्न कार्यशाळेला पुरेसा आहे. दिवसभर पुरून उरेल.

परंतु हा प्रश्न घेतला तर नोंद करणारा लेखनिक, आरोग्यसेविका वा शिक्षक त्या खोलीत हजर हवा. त्याच्याविषयी केवळ विद्वानांनीच बोलावे, हे बरे दिसत नाही. म्हणून त्याचा प्रवासखर्च कोण देणार आणि चर्चा त्याला समजेल अशा भाषेत कशी चालणार, यासाठी प्रस्तावात स्वतंत्र परिच्छेद असावा. २०२० साली महासाथीमुळे ही परिषद दूरसंपर्काने भरली. त्या पद्धतीत प्रवासखर्च वाचतो. पण अमेरिकेतील दुपार म्हणजे आपल्याकडील मध्यरात्र. तेव्हा दोन वेगवेगळ्या वेळांची सत्रे वेळापत्रकातच दाखवावीत.