टाके काढल्यानंतर



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी घाम पुसत व्याख्यान ऐकण्याची खोड महाराष्ट्राला लागली आहे. खाडी ओलांडून नवी मुंबईत येताना आपण ती बरोबर आणली, हे बरे झाले. परवा याच व्यासपीठावर अंतराळाविषयी व्याख्यान झाले, काल ज्ञानदेवांविषयी झाले, आणि आज पोटाच्या टाक्यांविषयी आहे. एकदम बऱ्याच पायऱ्या खाली उतरलो असे कोणास वाटले, तर आमची तक्रार नाही. आमचा विषय पायऱ्यांपासूनच सुरू होतो.

१९८९ साली आमचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आम्ही तेव्हा नोकरीस होतो. आठव्या दिवशी टाके काढले. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी 'कामावर रुजू होण्यास योग्य' असा दाखला दिला, आणि बाविसाव्या दिवशी आम्ही गेटवर हजर झालो. साहेबांनी दाखला वाचला, त्याची घडी केली, खणात ठेवली आणि विचारले, "टाके काढले ना?"

"काढले."

"मग आता काय राहिले?"

राहिले होते पुष्कळ, पण ते सांगता येईना. आमचे स्टोअर वरच्या मजल्यावर होते. लोखंडी जिना, एकोणीस पायऱ्या, दिवसातून पंधरा-वीस खेपा, आणि खेपेगणिक हातात बेअरिंगचे नाही तर बोल्टांचे खोके. आम्ही अदबीने म्हटले, महिनाभर खाली टेबलाशी बसून बिन कार्डे लिहितो, खोकी दुसऱ्या कोणाला आणू द्या. साहेब म्हणाले, "कार्डे लिहायला माणूस आहे. बरे झाला नसाल तर घरी जा, झाला असाल तर काम करा."

या वाक्यात तर्काची चूक काढू म्हटले तर सापडत नाही. म्हणूनच ते इतकी वर्षे लक्षात राहिले. घरी जावे, तर रजा संपलेली आणि पगार कापला जाणार. काम करावे, तर प्रत्येक पायरीला एक हात कठड्यावर आणि दुसरा पोटावर. खोके धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. आम्ही काम केले. दुपारच्या चहाला कोणी विनोद केला की आम्ही हसू दाबत असू, कारण हसताना टाक्यांची जागा ओढे. तेवढ्यावरून आम्ही आजारपणानंतर फार गंभीर झालो, असा आमचा लौकिक झाला.

आता साहेबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते ते सांगतो. कातडीची जखम वरून मिटली म्हणजे ती पूर्वीसारखी मजबूत झाली असे नव्हे. टाके काढतात त्या सुमारास तिच्यात मूळच्या बळाचा अगदी थोडा अंश आलेला असतो. तीन आठवड्यांनी फार तर पाव हिस्सा येतो. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के बळ येते, आणि पुढे आयुष्यभर माणूस त्या ८० टक्क्यांवरच चालवतो. पोटाच्या आतले जाड पडदे तर कातडीपेक्षाही सावकाश सांधतात. म्हणजे आम्ही बाविसाव्या दिवशी गेटवर उभे होतो, तेव्हा आजारी नव्हतो आणि बरेही नव्हतो. आम्ही बरे होत होतो. परंतु हजेरीपटावर हजर आणि गैरहजर अशा दोनच खुणा असतात, आणि दाखल्यावर योग्य आणि अयोग्य असे दोनच शब्द. 'होत आहे' या क्रियापदाला कचेरीत रकाना नाही. आमचे सगळे म्हणणे एवढेच आहे. साहेब दुष्ट होते असे आम्हाला त्या वेळी वाटे. आज तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते पुढे येईल.

शस्त्रक्रियेचे कौतुक सर्वांना असते, पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची पुढे चौकशी होत नाही. ही रीत जुनी आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कसबी माणसाने कपाळाची कातडी फिरवून त्याला नवे नाक बसवून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तान्त चित्रासह छापून आला, आणि तो वाचून युरोपातील शस्त्रवैद्य नाके करावयास शिकले. वैद्यकाच्या इतिहासात त्या नाकाला मानाचे पान आहे. पण उरलेल्या एका हाताने बैल कसे हाकायचे? त्या वृत्तान्तात जाता जाता एवढेच म्हटले आहे की, त्याला कंपनी सरकारची पेन्शन होती. कंपनी सरकार काही दयेबद्दल प्रसिद्ध नव्हते. तरी त्या एका बाबतीत ते आमच्या साहेबांच्या पुढे होते, असे म्हणावे लागते.

आपल्या देशात आजारी कामगाराच्या पोटाचा विचार सरकारदरबारी नीट मांडला तो प्राध्यापक अडारकर यांनी. १९४३ साली त्यांच्याकडे हे काम सोपवले गेले तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४४ साली अहवाल आला, १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आपल्या वाशीतही या योजनेचे रुग्णालय आहे. आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत, आणि काही दीर्घ आजारांत त्याहून अधिक काळ, अशी तिची तरतूद आहे. गंमत अशी की, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला मात्र पूर्ण मजुरी मिळते. सरकारला ज्या टाक्यांत गोडी, त्यांचा भाव पुरा! असो. त्या कायद्याच्या ७३ व्या कलमात असेही होते की, आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये किंवा शिक्षा करू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि या जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण नव्या काय आणि जुन्या काय, छत्री अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर आहे. तो दाखला घेऊन गेटवर आला की छत्री मिटते.

शिवाय छत्रीखाली सगळे मावतच नाहीत. १ जानेवारी २०१७ रोजी पगाराची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत संगणकापुढे बसणारी आपली मुले-सुना बहुतेक त्या रेषेच्या वर आहेत. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा दिली. काम करून मिळवलेली रजा असेल ती वेगळी. बाकी सगळे साहेबांच्या मनावर. खुर्चीत बसून करायचे काम, त्यात कसला आला त्रास, असे म्हणणाऱ्याने पोटावर टाके असताना ठाण्याच्या गाडीत सकाळी साडेआठला एकदा उभे राहून पाहावे.

न्यायालयाने मात्र एक चांगली गोष्ट सांगून ठेवली आहे. हरियाणात विजेच्या उपकेंद्रावरील एका कर्मचाऱ्याचा उजवा हात गाठीमुळे कापावा लागला. त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९४ साली न्यायालयाने म्हटले की, आजाराने माणूस आपले काम करू शकत नसेल, तर त्याला झेपेल अशा जागी सामावून घेण्याचा मालकाने सर्व प्रयत्न केला पाहिजे, कारण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुढे दिव्यांगांसाठी १९९५ साली आणि नंतर २०१६ साली कायदे झाले, त्यांतही हे तत्त्व आले. पण त्यातली नोकरी राखण्याची सक्ती सरकारी आस्थापनांना आहे, आणि तिचा लाभ मिळण्यासाठी दीर्घकालीन अपंगत्व लागते. ज्याला तीन महिन्यांनी धडधाकट व्हायचे आहे, त्याच्या तीन महिन्यांचे काय, हे तेथेही लिहिलेले नाही.

जेथे साहेबच नाही, तेथे तरी सुटका असेल असे वाटते. पण तेथे मुकादम असतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसे जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि एक दिवस काम चुकले की खाडा लागतो, पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्याने खाडे पडू नयेत म्हणून, आणि डॉक्टरांनी भीती घातली म्हणून, तिशीच्या आतबाहेरच्या बायकांनी गर्भाशये काढून घेतली. हे २०१९ साली महाराष्ट्रापुढे आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

आम्ही हा आकडा वाचला त्या दिवशी आमच्या एकोणीस पायऱ्यांची आम्हाला लाज वाटली. आम्ही शस्त्रक्रियेनंतर कामावर गेलो. या बायांनी कामावर जाता यावे म्हणून शस्त्रक्रिया केली. पोटाचा केवढा भाग काढल्यावर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे, आणि आडोशाला कोपीत निजायचे. तेथे दाखला नाही, घडी करून ठेवायला खण नाही. उचलीची वही तेवढी आहे.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. ते फार दूर नाही. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी टोळ्यांनी काम करतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने त्यांना मंडळ दिले, पण पाठीवरचे पोते काही हलके झाले नाही. तेथे एका टोळीत आम्ही एकदा पाहिले की, एक गडी पोती न उचलता गाडीशी उभा राहून नुसती मोजत होता. चौकशी केली, तेव्हा टोळीतला म्हातारा म्हणाला, "त्याचं पोट फाडलंय. गणपतीपर्यंत मोजू दे." आम्ही विचारले, वाटणी? म्हणाला, "ते आमचं आम्ही बघतो." कोणत्याही शासकीय परिपत्रकात न सापडणारी तारीख, गणपतीपर्यंत! अर्थात प्रत्येक टोळीत असेच चालत असेल, असे आमचे म्हणणे नाही.

इंग्लंडात २०१० सालापासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिसरा रकाना आला आहे. रुग्ण 'कदाचित काम करू शकेल', आणि त्याखाली कमी तास, बदललेले काम अशा खुणा करायच्या. जर्मनीत रोज दोन तास, मग चार, मग सहा, अशा पायऱ्यांनी माणूस कामावर परततो, आणि पूर्ण कामावर येईपर्यंत त्याला सहसा आजारपणाचाच भत्ता मिळतो. तेथेही कुरकुरणारे साहेब असतीलच. पण कुरकुरताना त्यांच्यापुढे काहीतरी लिहिलेला कागद असतो.

आता राहिलेले सांगतो. २००३ साली आम्ही स्वतः साहेबांच्या खुर्चीत होतो. अपेंडिक्स फुटून पोट उघडावे लागलेला एक हेल्पर महिन्याने परत आला. त्या दिवशी संध्याकाळी ट्रक जायचा होता आणि दोन माणसे गैरहजर होती. आम्ही त्याचा दाखला वाचला, घडी केली, खणात ठेवला, आणि विचारले, "टाके काढले ना?" शब्द तोंडून गेल्यावर ते कोणाचे, हे आम्हाला ओळखू आले. तरी आम्ही त्याला गाडीवर लावले, कारण गाडी जायची होती. तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी आला नाही. महिन्याभराने आला आणि म्हणाला, "साहेब, हिशोब करून टाका."

त्यानंतर आम्ही आमच्या विभागापुरता एक कागद केला. डॉक्टरांनी चार गोष्टी लिहायच्या: किती किलोपर्यंत वजन, जिना चढायचा की नाही, रोज किती तास, आणि हे सगळे कोणत्या तारखेपर्यंत. कारखान्याचे डॉक्टर दोन मिनिटांत भरून देत. वरचे साहेब म्हणाले, "उद्या सगळेच मागतील." आम्ही निवृत्त होईपर्यंतच्या सात वर्षांत अकराजणांनी मागितला. त्यांतल्या दोघांनी आम्हाला बनवले, हे आम्हाला त्याच वेळी कळले होते. ते दोघे गेले तर गेले, म्हणून उरलेल्या नऊजणांना जिना चढवावा, हे आम्हाला पटले नाही.

तो हेल्पर आता कोपरखैरण्यात भाजीची गाडी लावतो. परवा आम्ही भेंडी घेत होतो. तो वाकून पोते सरकवताना डाव्या हाताने पोट धरतो, हे आम्ही पाहिले. आम्ही विचारले, "अजून दुखते का?"

"दुखत नाही साहेब," तो म्हणाला. "पावसाळ्यात थोडे ओढते." आणि त्याने भेंडीवर मूठभर मिरच्या घातल्या.