बैठक माळावर घेतली आणि पाचशे खड्डे वाचले

मागं जो कर्कश आवाज येतोय ना, तो तुमच्या हेडफोनचा दोष नाही. टिटवी आहे. मी निमगाव केतकीच्या बाहेर, माळाच्या कडेला बसून बोलतेय आणि तिला ते अजिबात पसंत नाहीये. एडिट करणाऱ्या दादाला सांगितलंय, राहू दे तो आवाज.

मी गावाकडच्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. ‘ड’ वर्गाचं ग्रंथालय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ड म्हणजे शेवटचा. एक खोली, चार कपाटं, पेपर वाचायला येणारे आजोबा आणि मी.

आता मुद्द्यावर येते. मागच्या मे महिन्यात आम्ही आसपासच्या सात-आठ ग्रंथालयांतली माणसं एकत्र बसलो होतो. पुण्याच्या एका संग्रहालयात काम करणाऱ्या एक ताईही आल्या होत्या. विषय होता, ग्रंथालयानं निसर्गावर काय कार्यक्रम करायचे. बैठक एका हॉलमध्ये. पंखे, पाण्याच्या बाटल्या, फळ्यावर मुद्दे. अर्ध्या तासात ठरलं सुद्धा. 5 जून, पर्यावरण दिन, माळावर वृक्षारोपण. पाचशे रोपं. बॅनरचा मजकूरही तयार झाला, आणि तो मीच लिहिला होता, हे आधीच कबूल करते. आमच्या डोक्यात एकच, माळ पडीक पडलाय, तिथं झाडं आली तर कुणाला नको आहेत? शिवाय फोटो छान येतो. अहवालाला फोटो लागतोच.

तेवढ्यात लाईट गेली.

मे महिना, इंदापूर तालुका आणि पत्र्याचा हॉल. दहा मिनिटांत सगळे बाहेर चिंचेखाली. तिथं बसल्यावर संग्रहालयाच्या ताई सहज म्हणाल्या, “आपण जिथं झाडं लावणार ती जागा तरी बघू या का?” आमच्यातल्या निम्म्यांनी ती नीट पाहिलेली नव्हती. मी इथलीच, लहानपणापासून गाडीवरून त्या माळाशेजारून जातेय, पण आत पायी कधी गेले नव्हते. ऊन उतरल्यावर, साडेपाचला निघालो.

माळावर एक मेंढपाळ बाबा होते. कोकणातून नुकतेच परतलेले. आपल्याकडचे बरेच धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात, हे तुम्हाला माहीत असेल. आम्ही त्यांना उत्साहानं सांगितलं की इथं पाचशे झाडं लावणार आहोत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लावा की झाडं, कोण नगं म्हणतंय? पर हितं नगा लावू. सावली पडली की गवात जातंय. मग मेंढरं कुठं न्यायची, पोरी?”

मी जरा ऐटीतच म्हटलं, “पण बाबा, इथं नुसतं गवतच तर आहे.”

“नुसतं?” म्हणाले, आणि खाली बसले. काठीनं एकेक दाखवत गेले. ही कुसळी, ही पवन्या, हा मारवेल. हे मेंढरू आवडीनं खातं, ह्याला फक्त कोवळं असताना तोंड लावतं, हे पायात रुततं, हे पाऊस लांबला तरी टिकतं. अकरा नावं सांगितली. मे महिन्यात, जिथं आम्हाला सगळं एकसारखं वाळलेलं पिवळं दिसत होतं, तिथं! ताईंनी वही आणली नव्हती, म्हणून माझ्या वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्या लिहीत बसल्या.

मग त्यांनी आम्हाला थांबवलं. “पाय जपून.” आमच्यापासून चार हातांवर, उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मध्ये टिटवीची अंडी. घरटं कसलं, नुसता खळगा. अंड्यांचा रंग खड्यांसारखाच, आम्ही तुडवूनच गेलो असतो. आणि आमचा प्लॅन काय होता? 5 जूनला दोनशे माणसं, कुदळी आणि पाचशे खड्डे.

त्या रात्री मी घरी येऊन वाचायला बसले. जे कळलं ते थोडक्यात सांगते, कारण हे आपल्या भागातल्या प्रत्येक पोरापोरीला माहीत असायला पाहिजे. बारामती, इंदापूर, दौंड हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथं जंगल तोडून माळ झालाय असं सरसकट समजू नका. कमी पावसाची, उथळ मातीची ही जमीन गवताचीच आहे. चिंकारा उघड्यावर राहतो, लांबचं बघतो आणि पळून जीव वाचवतो. लांडगा, खोकड, तरस याच माळांवर. चंडोल, धाविक, टिटवी हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. मध्येच झाडं उभी केली की कावळ्यांना टेहळणीला जागा मिळते आणि अंडी जातात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बघितलंय ना? 1997 साली झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर, चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. आपल्या तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, तिथंही लोक चिंकारे आणि लांडगे बघायला लांबून येतात. आणि आपण त्याला काय म्हणतो? पडीक. सरकारी नकाशांमध्येसुद्धा गवताळ जमिनी कित्येकदा पडीक म्हणूनच रंगवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात कपाटं उघडली. सात हजारांवर पुस्तकं. वृक्षांवर आहेत, औषधी वनस्पतींवर आहेत, गुलाबाच्या कलमांवर दोन आहेत. गवतावर एकही नाही.

वृक्षारोपण रद्द केलं नाही. रोपं शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठानं आणि रस्त्याच्या कडेला लावली. पालखीच्या वाटेवरचं गाव आहे हे. तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्काम करून इंदापूरला जाते. सावलीची खरी गरज त्या रस्त्याला आहे. काही लोक नाराज झाले. एका सदस्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?” त्यांना मी माळावर चला म्हटलं. अजून आलेले नाहीत.

तेव्हापासून आमच्या बैठका बाहेरच होतात. हे काही आमचं डोकं नाही. सयाजीराव महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बडोदा संस्थानात पेट्यांमधून पुस्तकं गावोगाव पाठवली होती. 1931 साली तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीवर ग्रंथालय निघालं. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये 2007 साली एक कल्पना निघाली. चित्रांच्या पुस्तकाची पानं सुटी करून पायवाटेच्या कडेनं ओळीनं लावायची, मुलं चालत चालत गोष्ट वाचतात. त्याला स्टोरीवॉक म्हणतात. आम्ही ते पानमळ्याच्या बांधावर करून बघितलं.

पानमळ्याचं सांगायलाच पाहिजे. निमगाव केतकीची विड्याची पानं लांबवर जातात. शेवरी-हादग्याच्या आधारानं चढवलेल्या वेली, आत हिरवा अंधार, बाहेरच्यापेक्षा चांगलंच गार. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, तशी रीतच आहे. आमची दुसरी बैठक तिथं झाली. शहरातून आलेले दोघं चपला हातात घेऊन उभे होते आणि कुठं ठेवायच्या ते त्यांना कळेना. स्टोरीवॉक मात्र फसला. पहिल्याच दिवशी पाणी सुटलं आणि गोष्टीचा शेवट भिजला. मळेवाल्या काकांना पाण्याची पाळी विचारायची राहून गेली होती. मुलांनी शेवट स्वतःच बनवला, पाच-सहा वेगवेगळे. आता आम्ही पाळी विचारून तारीख ठरवतो.

तुमच्यापैकी कुणी ग्रंथालयात, शाळेत, छोट्या संग्रहालयात काम करत असेल, किंवा नुसतेच वाचक असाल, तर करून बघा. पंधरा माणसांच्या वर नको. स्पीकर नको, बॅनर तर नकोच. सकाळी साडेसहा. वनखात्याची हद्द असेल तर परवानगी आधी. फोन न्या, नक्की न्या. मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. कधी कधी चुकतं, पण पोरं चिकटून बसतात. आणि माळ ओळखणारं एक माणूस सोबत पाहिजेच. त्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा. रील करून टाकायचं असेल तर तेही सांगा.

तारीख हवी असेल तर 5 ते 12 नोव्हेंबर. 2020 पासून आपल्या राज्यात हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. चितमपल्लींनी पक्ष्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्द दिले, तेही रानातल्या माणसांचं बोलणं आयुष्यभर कान देऊन ऐकून.

त्या पावतीपुस्तकाचं काय झालं, ते राहिलं. ताईंनी ती नावं स्वच्छ वहीत उतरवली. प्रत्येक गवताची काडी चिकटवली, संग्रहालयात करतात तशी, तारीख आणि जागा लिहून. बाबांना परत परत विचारून आणखी सहा नावं वाढली. मी ती वही दाखल नोंदवहीत चढवायला घेतली आणि लेखकाच्या रकान्यात अडकले. समितीत चर्चा झाली. कुणी म्हणालं ताईंचं नाव टाका, कुणी म्हणालं ग्रंथालयाचं टाका, एकानं तर विचारलं की हे पुस्तक तरी आहे का. शेवटी बाबांचं नाव लिहिलं. त्यांना विचारूनच. ते हसले आणि म्हणाले, “मला तर सही येती तेवढीच.”

प्रत्येक गावाला स्वतःची जैवविविधता नोंदवही असते, 2002 च्या कायद्यानं. तुमच्या ग्रामपंचायतीत विचारा कुठं आहे ती. मी विचारलं तेव्हा आमची एका कपाटात होती आणि कपाटाची चावी एका रजेवर गेलेल्या माणसाकडे. या वहीची एक प्रत आता तिच्याबरोबर ठेवायचं ठरलंय.

वही चार वेळा घरी वाचायला गेली. एकदा चहाचा डाग पडून परत आली. बाबांनी मात्र तयार वही अजून बघितलेली नाही. दिवाळी झाल्यावर ते खाली उतरले, पाऊस जवळ आला की येतील.

थांबा, टिटवी उठली. कुणीतरी येतंय बहुतेक. मी बंद करते.